मास्तरचा कान

त्याला सगळे मास्तर म्हणायचे, आणि शाळेत तो नववीत दोनदा आपटला होता. नाव पाडलं मामानं. मामानंच त्याला या परक्या शहरात आणलं, बाटल्यांच्या कारखान्यात चिकटवलं, आणि पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत बघतो तर भाचा लोखंडी टेबलावर चमच्यानं ठेका धरून बसलाय. भोवतीच्या कामगारांच्या भाषेतलं ‘हो’ की ‘नाही’ हेसुद्धा त्याला कळत नव्हतं, पण सगळे टाळ्या देत होते, आणि कुणी चुकला की भाचा चमचा उगारून त्याला थांबवत होता, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावत होता.

“घ्या,” मामा म्हणाला. “स्वतः पास झाला नाही, इथं येऊन मास्तर झालाय.”

यात कौतुक फारसं नव्हतं. पण नाव असं चिकटलं की पुढे मामीलाही त्याचं खरं नाव आठवायला जरा थांबावं लागायचं.

कारखान्यात पट्ट्यावरून रिकाम्या बाटल्या यायच्या, एकमेकींना खेटत, किणकिणत, दिवसभर. नवीन माणूस संध्याकाळपर्यंत डोकं धरून बसायचा. कानात घालायला बोळे मिळायचे, सगळे घालायचे. मास्तर घालत नसे. कारण बारीक तडा गेलेली बाटली डोळ्यांना दिसत नाही, पण ती वेगळी वाजते, आणि शंभर बाटल्यांच्या कलकलाटातून मास्तर तेवढी एक बाटली नेमकी उचलून बाजूला ठेवायचा. पट्ट्याचा मुकादम पाहुण्यांना आणून हा खेळ दाखवायचा. बोळे घातले तर खेळ संपला असता, म्हणून मुकादमही ‘घाल’ म्हणाला नाही.

लांब्या त्याला भेटला तो राहत्या इमारतीच्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्रांपाशी. लांब्या भलत्याच देशातला, दारातून वाकून येणारा, विजेच्या सामानाच्या दुकानात दुरुस्त्या करणारा. दोघांची भाषा एक नाही. या शहराची भाषा तेवढी दोघांत सामाईक होती, आणि ती दोघांच्याही तोंडात नव्या बुटासारखी चावायची. मास्तर धुण्याच्या यंत्रावर बोटं आपटत होता. लांब्या बराच वेळ ऐकत उभा राहिला, मग निघून गेला आणि भंगारातून उचलून दुरुस्त केलेलं एक ठेक्याचं यंत्र घेऊन आला. त्याची दोन बटणं तुटलेली होती, त्या जागी शर्टाची बटणं चिकटवलेली. मास्तरनं एक दाबलं. ढोलाचा आवाज आला. दुसरं दाबलं. टाळीचा आला. त्या दिवशी दोघांचेही कपडे यंत्रात ओले राहिले आणि त्यांना वास सुटला.

हिपहॉप म्हणजे काय हे मास्तरला कुणी शिकवलं नाही. ज्याला गाता येत नाही त्यालाही या गाण्यात ठेक्यावर बोलता येतं, एवढं त्याला समजलं, आणि तेवढं पुरलं. धुण्याच्या यंत्रांमागची अडगळीची खोली त्यांनी मागून घेतली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, आणि इमारतीतली पोरं तिथं येऊन आपापल्या भाषेत भडाभडा बोलायला लागली. मास्तरला त्यातला शब्दही कळायचा नाही. पण कुठला शब्द जड आहे आणि कुठला नुसता भरीचा, हे तो ओळखायचा, आणि जड शब्दाखाली ढोल ठेवायचा.

मग आली करवत. कोपऱ्यावरच्या दुकानात केस कापायची. ती ‘बसा’ म्हणाली तरी लाकूड चिरल्यासारखं वाटायचं. मास्तरनं तिला सांगितलं, “तू गाऊ नकोस, भांड.” ती भांडली, त्यानं खाली ठेका लावला, आणि ते भांडण शहरभर गेलं. दुकानांत वाजलं, शाळांच्या मैदानांवर वाजलं, मास्तरच्या कारखान्यातही वाजलं. तिच्यामागून दुसरे आले, तिसरे आले, मोठ्या नावाचेही आले. सगळ्यांना तोच आवाज हवा असायचा. मास्तरच्या गाण्यांत खाली ओल्या मातीवर मूठ पडावी तसा ढोल, आणि वर चाळणीतून वाळू पडावी तशी बारीक झांज. लोक म्हणायचे, याची झांज कधी टोचत नाही, नुसती सांडते. एका वर्तमानपत्रात छापून आलं की या शहरात संगीत करणारे पुष्कळ आहेत, ऐकणारा हा एकच. मास्तरनं ते कात्रण बायकोला दाखवलं. ती बाजारपेठेत कपडे बेतून देण्याचं काम करायची. तिनं वाचलं आणि म्हणाली, “घरी मी हाक मारते ती मात्र ऐकू येत नाही.”

घरात हा विनोद झाला होता. तेव्हा तो विनोदच होता.

दोघांची एक पद्धत ठरून गेली होती. मास्तर गाणं बांधायचा, वरखाली सगळं बसवायचा, आणि ‘झालं’ म्हणून जिना चढून घरी जायचा. मग लांब्या ‘झाकणं लावायचा’. गाण्याची शेवटची प्रत काढून, नीट बंद करून पाठवून देण्याला ते दोघं झाकण लावणं म्हणायचे, कारण बाटल्यांच्या कारखान्यातला तो शेवटचा विभाग. झाकण लावणाऱ्याला काय करावं लागतं, हे मास्तरनं कधी विचारलं नाही. कारखान्यातही त्या विभागात तो कधी गेला नव्हता.

नाव झालं तरी कारखाना त्यानं पूर्ण सोडला नाही, अर्ध्या पाळीवर जायचा. दरवर्षी कारखान्याच्या अंगणात एक पांढरी गाडी यायची, कामगारांचे कान तपासायला. आत एका कपाटासारख्या खोलीत बसायचं, कानावर यंत्र चढवायचं, बारीक शिटी ऐकू आली की बटण दाबायचं. गाडीवाल्याकडचं यंत्र जुनं होतं. मास्तरचा निकाल दरवर्षी पैकीच्या पैकी. “लहान पोराचे कान आहेत तुझे,” गाडीवाला म्हणायचा, आणि मास्तर हे घरी येऊन न चुकता सांगायचा.

चाळिशी उलटली तेव्हा त्यानं स्वतःची रेकॉर्ड करायला घेतली. आपल्या भाषेत, आपल्या आवाजात. कारण त्याची आई. दूर गावी ती फोनवर त्याची गाणी लावून घ्यायची आणि दर वेळी विचारायची, “यात तू कुठं आहेस रे?”

“मी मागं आहे, आई.”

“मागं म्हणजे कुठं? बोलतोय तर दुसराच.”

वर्षानुवर्षं हे ऐकून त्याला एक दिवस वाटलं की म्हातारीचं खरं आहे. सगळं शहर त्याच्या ठेक्यावर बोलून मोकळं झालं, आणि तो अजून गप्पच आहे. मग तो लिहायला लागला. लेक पंधरा वर्षांची, तिला घरात भिंगरी म्हणायचे, कारण एका जागी उभी राहून ती दातही घासू शकत नसे. ती याच शहरात जन्मलेली, आईबापाशी त्यांच्या भाषेत बोलायची, पण भांडायची मात्र शहराच्या भाषेत. तिला वाचता न येणाऱ्या अक्षरांत बाप काहीतरी खरडतोय, याची तिला फार मजा वाटायची.

“बाबा, माझ्याबद्दल आहे का?”

“नाही.”

“मग कोण ऐकणार?”

गाणी तयार झाली. त्यातलं एक त्याला सगळ्यांत जवळचं होतं:

*सही करायला बसलो तेव्हा नाव बसेना रकान्यात,*
*अर्धं नाव बाहेर राहिलं, अर्धं गेलं खात्यात.*
*बाहेरच्याला ऊन लागलं, आतल्याला गारठा,*
*रविवारी दोघं भेटतात, पुसतात एकमेकांना पत्ता.*

रेकॉर्ड काढणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं गाणी ऐकवायला बोलावलं होतं. आदल्या दुपारी तळघरात मास्तर म्हणाला, “झालं.”

“दे,” लांब्या म्हणाला. “झाकणं लावतो.”

“या वेळी राहू दे. हे माझं आहे. शेवटपर्यंत मीच करणार.”

लांब्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. “एक दिवस दे मला.”

“कशाला?”

“सवय आहे.”

“तुझी सवय माझ्या रेकॉर्डवर कशाला?” मास्तर हसत म्हणाला.

लांब्या हसला नाही. “मास्तर, माझं ऐक.”

“जन्मभर ऐकतच आलोय की.”

 लांब्या धुण्याच्या यंत्राकडे वळला आणि त्यातले कुणाचे तरी कपडे काढून घड्या घालायला लागला. मास्तरला वाटलं, रुसला. रुसू दे, रेकॉर्ड निघाली की समजूत काढू.

कंपनीची खोली काचेची होती, खाली मऊ गालिचा, बाहेर दुपारचं ऊन. शाळेतून परस्पर आलेली भिंगरी दप्तर मांडीवर घेऊन बसली. दुभाष्याचं काम तिनं स्वतःहून अंगावर घेतलं होतं आणि लिफ्टमध्येच बापाला बजावलं होतं की मध्येमध्ये ‘थँक्यू’ म्हणायचं नाही, स्वस्त वाटतं. ऐकायला कंपनीची मोठी बाई होती आणि तिची दोन माणसं.

पहिलं गाणं सुरू झालं. एका माणसानं हात पुढे करून आवाज थोडा कमी केला. मास्तरला वाटलं, मोठ्या लोकांची हळू ऐकण्याची पद्धत असेल. दुसऱ्या गाण्यात त्यानं बाईकडे पाहिलं. प्रत्येक झांजेला तिच्या पापण्या मिटत होत्या. अगदी ठेक्यावर. इतकी वर्षं तो माणसं ऐकताना बघत आला होता, आणि त्याच्या मनात आलं, भिडलं हिला. भाषा येत नसून भिडलं.

चौथं गाणं संपायच्या आधी बाईनं ते थांबवलं, उठून हात मिळवला, भिंगरीशी दोन वाक्यं बोलली आणि कळवते म्हणाली.

जिन्यात मास्तरला धीर धरवेना. “बघितल्यास ना तिच्या पापण्या?”

भिंगरी एकदाची एका पायरीवर स्थिर उभी राहिली. “बाबा, तिला टोचत होतं.”

“काय टोचत होतं?”

“तुझं गाणं. प्रत्येक ‘स’ आला की कानात सुई. आणि ती झांज, पातेलं खरवडल्यासारखी. मी दातांवर दात धरून बसले होते.”

“तुला काय कळतंय त्यातलं.”

“संगीत नाही कळत. दुखतं ते कळतं.”

तो रस्ताभर तिच्या पुढे चालत राहिला. 

घरी स्वयंपाकघरात बायको कुणाच्या तरी कोटाची बाही उसवत बसली होती. भिंगरीनं फोन टेबलावर ठेवला. “बाबा, हे ऐक. आमच्या वर्गात या बारीक शिटीला डास म्हणतात. पोरं तासाला लावतात. आम्हाला ऐकू येतो, म्हाताऱ्या सरांना येत नाही.”

“लाव की मग.”

“लावलाय.”

मास्तरनं फोन उचलून कानाशी नेला. “बंद आहे.”

“अगं, कर ते बंद,” बाहीवरून मान वर न करता तिची आई म्हणाली. “डोक्यात जातंय.”

मास्तरनं बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी होती, ही गोष्ट ती एरवी कुणाला सांगत नसे. तो जरा मोठ्यानं म्हणाला, “फोनवरच्या खेळांचं काय खरं. कारखान्यात दरवर्षी तपासतात. पैकीच्या पैकी.”

“कसं तपासतात?”

“शिटी वाजली की बटण दाबायचं.”

“मग इथं बोट आपट. मी शिट्या लावते. आधी जाड, मग बारीक बारीक.”

तो भिंतीकडे तोंड करून बसला. शिट्या येऊ लागल्या, एक, मग थोडं थांबून दुसरी, आणि तो बोट आपटू लागला. टक. टक. टक. चेहऱ्यावर हळूहळू समाधान आलं. बोट एकदाही चुकत नव्हतं. बाहीतून सुई बाहेर काढता काढता बायको थांबली. भिंगरी फोन हातात धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मास्तरचं बोट टेबलावर पडतच होतं, टक, टक, जिथं पडायला हवं नेमकं तिथं.

“अहो,” बायको म्हणाली. “थांबा आता.”

“का? बरोबर येतंय ना?”

“तिनं केव्हाच बंद केलाय फोन.”

बोट टेबलापासून थोडं वर राहिलं. पांढऱ्या गाडीतल्या त्या कपाटात तो दरवर्षी हेच करत आला होता. पहिल्या दोन-चार शिट्यांत त्याला ठेका सापडायचा, आणि मग शिटी असो की नसो, तिच्या जागेवर त्याचं बोट आपोआप पडायचं. तो खोटं वागला नव्हता. त्याला शिटी खरोखरच ऐकू आल्यासारखी वाटायची. गाडीवाला खूश, कारखाना खूश, आणि मास्तर मिठाई घेऊन घरी.

त्यानं हात मांडीवर घेतला आणि विचारलं, “मग करवतीची मागची गाणी? ती कशी नाही टोचली कुणाला?”

याचं उत्तर घरात कुणापाशीच नव्हतं. ते कुणापाशी असणार, हे त्याला विचारताविचारताच उमगलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून तो थेट तळघरात उतरला. लांब्या दिव्याखाली एक तार जोडत होता. मास्तरचा चेहरा बघून त्यानं तार खाली ठेवली.

“कधीपासून?” मास्तरनं विचारलं.

लांब्यानं कशाबद्दल असं विचारलं नाही. “करवतीच्या दुसऱ्या रेकॉर्डपासून. तुला ऐकू येईना म्हणून तू वरचे बारीक आवाज चढवत होतास, तू गेलास की मी ते उतरवायचो. आधी थोडं. मग दरवर्षी जास्त.”

“आणि सांगितलं नाहीस.”

“सांगितलं असतं तर तू काम थांबवलं असतंस.”

“म्हणजे ती वाळू तुझी. लोक माझ्या कानाचं कौतुक करत होते, पेपरात छापत होते, आणि तू इथं बसून हसत होतास.”

“हसत नव्हतो.” लांब्याला शब्द सापडेना, त्या चावऱ्या भाषेत तो चाचपडला. “भीत होतो. तुझं काम बिघडवेन म्हणून. तासन्तास बसायचो. तुझी आधीची गाणी लावायचो, तू तरुण असतानाची, आणि तशी झांज होईपर्यंत सोडायचो नाही. ती वाळू तुझीच आहे. मी फक्त आठवण ठेवली.”

“मला भीक घातलीस.”

“तसं नको म्हणूस.”

“मग कसं म्हणू? मी आंधळ्यासारखा रस्त्यातून चालत होतो आणि तू माझी कॉलर धरून मागनं येत होतास. मला वाटत होतं, मीच चालतोय.”

तो वर निघून गेला. त्यानंतर कित्येक दिवस तो तळघरात कपडे धुवायलाही गेला नाही. बायकोच गेली, आणि येताना म्हणाली, “तुमचा उंट बसलाय तिथं तोंड पाडून. घड्या मात्र छान घालून दिल्या.”

कंपनीच्या बाईचा निरोप आला. भिंगरीनं वाचून दाखवला. गाणी ताकदीची आहेत, आवाजात काहीतरी आहे जे आम्ही आधी ऐकलेलं नाही, पण अशा स्थितीत ही काढता येणार नाहीत, कान सोलतात. नीट करून आणलीत तर पुन्हा ऐकू.

मास्तरनं घरीच नीट करायला घेतलं. पडद्यावर आवाजाच्या रेषा दिसतात, वरच्या आवाजाच्या रेषा तो डोळ्यांनी बघून खाली ओढायला लागला. किती ओढायच्या हे रेषा सांगत नाहीत. एकदा भिंगरी म्हणाली, “अजून टोचतंय.” पुन्हा ओढल्या तर म्हणाली, “आता मेल्यासारखं वाटतंय.” तिसऱ्या वेळी ती सावकाश म्हणाली, “ठीक आहे, बाबा,” आणि त्या आवाजात एवढी दया होती की त्यानं यंत्र बंद केलं. रेकॉर्ड काढायची नाही, असं त्यानं त्या दुपारी जाहीर केलं. जी गोष्ट आपल्याला ऐकू येत नाही, ती आपल्या नावानं बाजारात कशी मांडायची?

बायको मशीनवर बसली होती. “सुईत दोरा आता मला दिसत नाही,” ती म्हणाली. “भिंगरी ओवून देते. म्हणून शिवण काय तिची होते?”

“सुई आणि कान एक नाही.”

“नाहीच. सुईला तुमच्याएवढा रुसवा नसतो.” तिनं पाय थांबवला. “अहो, मला तुमची ती दुसऱ्यांची गाणी कधीच कळली नाहीत. इतकी वर्षं तुम्ही ऐकवत होता, मी ‘छान’ म्हणत होते. ही कळली. रकान्यातलं ते माझंही नाव आहे. माझंही अर्धं बाहेर राहिलंय. ते असं पेटीत घालून ठेवणार असाल तर ठेवा, पण मग मला तरी कशाला ऐकवलंत?”

तो त्या दिवशी जेवला नाही. पण रविवारी सकाळी त्यानं दाढी केली, भिंगरीला म्हणाला, “चल,” आणि जिना उतरला.

लांब्यानं दार उघडलं. दोघांनी एकमेकांच्या खांद्यांकडे पाहिलं.

“झाकणं लावायची आहेत,” मास्तर म्हणाला. “पण या वेळी मी इथंच बसणार.”

“तुला आवडणार नाही.”

“माहीत आहे.”

लांब्यानं खुर्ची पुढे सरकवली. भिंगरी भिंतीच्या गादीला टेकून खाली बसली. रकान्याचं गाणं सुरू झालं आणि लांब्याची लांब बोटं बटणांवर आली. मास्तर अनेक वर्षांत पहिल्यांदाच हे बघत होता. लांब्यानं एक बटण केसभर फिरवलं, थांबला, डोळे मिटले, ऐकलं. पुन्हा केसभर. मास्तरच्या कानातून आधी झांज गेली. चाळणी हलतेय हे त्याला आठवणीनं माहीत होतं, पण वाळू पडेनाशी झाली. मग ‘स’ गेले, मग श्वास गेले. त्याच्या आवाजाच्या सगळ्या कडा एकेक करून पुसल्या गेल्या, आणि शेवटी कुणीतरी शेजारच्या खोलीत, दार लावून, अंगावर घोंगडी घेऊन बोलत असावं तसं उरलं. खाली ढोल मात्र होता. तो त्याला खुर्चीच्या पायांतून लागत होता.

“अजून किती?” त्यानं विचारलं.

“अजून थोडं.”

त्यानं खुर्चीचे हात धरून ठेवले. आपलं घर आपल्या डोळ्यांदेखत कुणी रिकामं करावं, आणि आपणच त्याला दार धरून द्यावं, तसं ते होतं. ‘थांब’ हा शब्द दोनदा त्याच्या ओठांपर्यंत आला. त्यानं भिंगरीकडे पाहिलं. तिचे खांदे खाली आले होते. ती डोकं मागं टेकून, जराही न हलता ऐकत होती.

“बाबा,” ती म्हणाली, “गारठा म्हणजे थंडीच ना?”

“थंडी. पण अंगात शिरलेली.”

“आणि रकाना?”

“कागदावर चौकट असते ती. नाव लिहायला.”

“आणि अर्धं नाव बाहेर.” ती गादीपासून सरळ झाली. “तुझं आडनाव माझ्या शाळेच्या ओळखपत्रावर पण अर्धंच आहे. मला वाटायचं, ते तेवढंच आहे.”

मास्तरला तिच्याकडे बघवेना. इतके दिवस ती हे गाणं ऐकत होती आणि तिनं एकाही शब्दाचा अर्थ विचारला नव्हता. विचारणार कशी, शब्द सुयांच्या मागे होते. आता ते तिच्यापर्यंत गेले होते. त्याच्यापासून गेले होते, म्हणून तिच्यापर्यंत गेले होते.

लांब्यानं हात काढून घेतले. “माझ्या मते हे बरोबर आहे,” तो म्हणाला. “तुझी भाषा मला येत नाही. पण आता माणूस बोलतोय असं वाटतं.”

“पुन्हा एकदा लाव.”

लांब्यानं लावलं. मास्तरनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. घोंगडीखालचा माणूस बोलला आणि थांबला. आपणच आहोत तो, यावर विश्वास ठेवायला दुसरा काही आधार नव्हता, फक्त समोर बसलेली दोन माणसं होती.

“बाकीची पण अशीच कर,” तो म्हणाला. “मी बसतो. आणि खाली कुणी काय केलं ते लिहितात ना, तिथं तुझं नाव घाल. पूर्ण घाल.”

लांब्यानं मान हलवली. दुपार कलेपर्यंत ते तिघं तिथं बसले. पलीकडे लोक आले, कपडे धुऊन गेले. मास्तर मध्येच एखाद्या ढोलाची जागा बदलायला सांगायचा, आणि तिथं तो अजूनही चुकत नव्हता. मग शेवटचं गाणं झालं आणि लांब्यानं पडद्यावरचा बाण कंपनीच्या पत्त्यावर नेऊन ठेवला.

“पाठवू?”

मास्तरनं पडद्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. “पाठव.”

लांब्यानं कळ दाबली. तिचा काही बारीकसा आवाज झाला असेल. भिंगरीनं चटकन मान वर केली, तेव्हा मास्तरला कळलं की गेलं.